धुराच्या दिवसांतला जपानी वर्ग

सकाळी खिडकी उघडली आणि नाकात जळकट वास शिरला. समोरचा ब्लॉक एरवी इतका जवळ वाटतो, की तिथल्या बाईनं बांबूवर कुठली चादर वाळत घातलीय तेही दिसतं. आज तो नुसता एक करडा डाग होता. माझी मुलगी मुक्ता शाळेचे बूट घालता घालता म्हणाली, "आई, हेझ इज बॅक. क्लोज द विंडो, लाह." मी खिडकी लावली. वास तोवर आत आलाच होता.

समुद्रापलीकडे रानं जाळतात, वारा फिरतो आणि तो धूर, इथल्या बोलीत हेझ, सिंगापूरवर येऊन बसतो. काही वर्षी आला-गेला कळतही नाही. काही वर्षी मुक्काम ठोकतो. मग घसा खवखवतो, धुतलेल्या कपड्यांना चुलीचा वास येतो, लोक उगाच एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसतात आणि रेडिओवर हवेचा आकडा सांगतात तो खरा की कमी करून सांगितलेला, यावर लिफ्टमध्ये चर्चा होते. अशा हवेत माणसाचा विश्वास पातळ होत असावा. निदान माझा झाला होता. हे दोन हजारच्या दशकाच्या मध्याचं. मुक्ता तेव्हा पहिलीत होती.

आम्ही तेव्हाही सिंगापूरच्या यिशुन भागातच राहायचो, भाड्याच्या फ्लॅटमध्ये. श्रीकांत, माझा नवरा, जुरोंग आयलंडवर एका केमिकल प्लांटमध्ये इंजिनिअर. पहाटे कंपनीची बस त्याला खालून घेऊन जायची. मी पुण्यात कॉलेजात इंग्रजी शिकवत होते, ते सोडून त्याच्या मागोमाग आले. मुक्ता शाळेत जायला लागल्यावर मला डोबी घाटजवळच्या एका लहानशा लँग्वेज स्कूलमध्ये नोकरी मिळाली. नाव ऐकून धोबी आठवतो, पण तिथे आता नुसतं मोठं एमआरटीचं, म्हणजे मेट्रोचं, स्टेशन आहे. तिसऱ्या मजल्यावर चार वर्ग, एक फोटोकॉपीचं मशीन आणि मिसेस लिमची केबिन. मिसेस लिम म्हणजे आमच्या मुख्य. पन्नाशीच्या, बारीक, सदा गळ्यात चष्मा अडकवलेल्या. मला पहिल्या दिवसापासून त्यांनी आपलं म्हटलं. माझ्या टेबलावर कधी करंजीसारखा गरम करीपफ ठेवायच्या, कधी पपई. "यू ईट, यू ईट. सो थिन."

त्या वर्षी जपानमधल्या एका विद्यापीठाची मुलं उन्हाळ्याच्या सुट्टीत काही आठवड्यांसाठी इंग्रजी शिकायला येणार होती. वर्ग मला दिलाय असं सांगून मिसेस लिम जरा घुटमळल्या. दार लोटून घेत म्हणाल्या, "एक सांगून ठेवते हं. त्यांच्याकडून विचारणा झालीय. टीचर नेटिव्ह आहे का, इंग्रजी मातृभाषा असलेली? मी सांगितलंय, एमए आहे, फार छान शिकवते. बट यू बी केअरफुल, ओके?"

हे त्या इंग्रजीत बोलल्या. पण मला आठवतं ते मराठीतच, आपल्या घरातल्या मोठ्या बाईनं कानात सांगावं तसं. त्या एका वाक्यानं माझं काय झालं ते सांगते. वर्गात पाऊल ठेवायच्या आधीच मी आरोपी झाले.

मुलं आली तीच तोंडाला मास्क लावून. तेव्हा सिंगापुरात धुरातसुद्धा मास्क फारसं कुणी लावत नसे. पांढऱ्या चौकोनांची एक अख्खी रांग माझ्यासमोर बसली. वर नुसते डोळे. मी इंग्रजीची मास्तरीण, मला ओठ बघायची सवय. हसताहेत की कंटाळलेत, कळेना. प्रश्न विचारला की सगळ्यांच्या माना खाली. आणि सगळ्यात मागे, खिडकीपाशी, त्यांच्याबरोबर आलेले इंग्रजीचे प्राध्यापक ओकादा. करडा सूट, गुडघ्यावर वही, हातात पेन्सिल. ते रोज आत येताना कमरेतून वाकायचे, "गुड मॉर्निंग" म्हणायचे, आणि वर्ग संपेपर्यंत लिहीत राहायचे. जाताना पुन्हा वाकायचे. मी एकदा चहाच्या वेळी त्यांना विचारलं, मुलं नीट जेवतात ना? त्यांनी हसून मान हलवली आणि घाईनं जिना उतरून गेले. इंग्रजीचा प्राध्यापक आणि माझ्याशी इंग्रजीत दोन वाक्यं बोलत नाही! मी मनात म्हटलं, बरोबर आहे. परीक्षक उमेदवाराशी बोलत नसतो.

मी नेहमीची हुकमी अ‍ॅक्टिव्हिटी काढली. प्रत्येकाला कागद द्यायचा: ज्याला पोहता येतं असा कुणी शोधा, ज्याच्या घरी मांजर आहे असा कुणी शोधा. उठायचं, फिरायचं, विचारायचं. आमच्या पुण्याच्या मुलांना असा कागद दिला असता तर वर्गाचं मार्केट यार्ड झालं असतं. या मुलांनी उठून शिस्तीत एकमेकांचे कागद बघितले, उत्तरं उतरवून घेतली आणि जागेवर बसली. एक शब्द न बोलता.

मग ते हसणं सुरू झालं. मी काही सूचना दिली की पुढच्या बाकावरच्या दोघी-तिघी एकमेकींकडे बघायच्या, खांदे हलायचे. त्यांच्याकडे त्या काळातल्या त्या घडीच्या इलेक्ट्रॉनिक डिक्शनऱ्या असत. माझं वाक्य संपलं की पटपट बटणं दाबली जायची. कधी त्या डबीतून एक अमेरिकन बाई बारीक आवाजात एखादा शब्द उच्चारायची. माझ्या मागोमाग, दुरुस्ती केल्यासारखी.

आपल्याकडे 'व' एकच. खालचा ओठ दातांना लागला न लागला, आपण वाक्य पुढे नेतो. द्राक्षाची वाइन आणि भिंतीवरची वेल, व्हाइन, आपल्या तोंडून सारखीच निघतात. पुण्यात हे कुणी मनावर घेतलं नव्हतं. इथे मी बाथरूमच्या आरशासमोर उभी राहून ओठांचा चंबू करून 'वेस्ट' म्हणायची, मग दात टेकवून 'व्हेस्ट'. मुक्ता दारात येऊन म्हणाली, "आई, व्हॉट यू डुइंग? सो फनी, लाह." आणि मग तिनं दोन्ही शब्द सहज म्हणून दाखवले. मला तिचाही राग आला.

श्रीकांत संध्याकाळी बसमधून उतरायचा तो डोळे चोळत. त्याला मी हे सगळं सांगायची.

"अगं, लहान मुलं आहेत ती. लाजत असतील," तो म्हणाला.

"लहान कसली? कॉलेजची आहेत. आणि तो माणूस मागे बसून लिहितो ते?"

"काहीतरी लिहीत असेल. प्राध्यापक आहे."

"रोज? माझ्या प्रत्येक वाक्याला?"

मग नळाखाली तोंड धुता धुता म्हणाला, "तुला काढून टाकतील असं वाटतंय का तुला?"

ते नेमकं तेच होतं. नोकरी गेली असती तर आम्ही उपाशी राहणार नव्हतो. पण त्या नोकरीशिवाय मी सिंगापुरात श्रीकांतच्या नोकरीच्या पासला जोडलेलं एक नाव होते. 'डिपेंडंट' असा शब्दच होता कार्डावर. दिवसातून काही तास मला कुणी 'टीचर' म्हणायचं, त्यावर मी उभी होते.

एक दिवस मी पाठीला पाठ लावून बसायची अ‍ॅक्टिव्हिटी घेतली. एकाच्या हातात चित्र, त्यानं वर्णन करायचं. दुसऱ्यानं न बघता काढायचं. मुलं जरा रंगात आली. केन्ता नावाचा उंच मुलगा घर सांगत होता, त्याच्या जोडीदारानं ढग काढला होता. मी बाकांमधून फिरत होते. पुढच्या बाकावरच्या हारुकाची पेन्सिलींची पिशवी अर्धी उघडी होती. त्यात, खोडरबराशेजारी, बोटाएवढा चांदीच्या रंगाचा रेकॉर्डर होता. त्यावर लाल दिवा लागलेला.

मी पुढे गेले. थांबले नाही. पण त्या क्षणापासून मला माझा आवाज दुसऱ्याचा असल्यासारखा ऐकू यायला लागला. प्रत्येक 'व' आधी मी अडखळायला लागले. शब्द बदलून घ्यायला लागले. 'व्हेरी गुड' म्हणायचं टाळून 'गुड, गुड' म्हणायला लागले. मुलांच्या लक्षात आलं असावं, कारण वर्ग पुन्हा गोठला.

मिसेस लिमना विचारलं, काही तक्रार आलीय का? त्यांनी चष्मा लावला, काढला. "आय हियर नथिंग, व्हॉट. डोन्ट थिंक सो मच." मग प्लेटमधली पपईची फोड माझ्याकडे सरकवत म्हणाल्या, "उद्या मार्कला तुझ्या वर्गात बसू देऊ का? जस्ट टु सी."

मार्क आमचा ऑस्ट्रेलियन सहकारी. पाठीवर सॅक टाकून आशिया फिरायला निघालेला, सिंगापुरात पैसे संपले म्हणून थांबलेला उमदा मुलगा. शिकवण्याचं शिक्षण काही नाही, पण मुलं त्याच्यावर खूश असत. तो येऊन बसला, मुलांकडे बघून अंगठा दाखवला, मधेच पेंगला. मी मात्र त्या दिवशी मनाशी चित्र पूर्ण करून टाकलं. हारुका पुरावा गोळा करतेय, ओकादा तो लिहून काढताहेत, मार्कला माझी जागा दाखवली जातेय. आणि या सगळ्यात माझ्या बाजूनं एकच माणूस, मिसेस लिम.

शेवटचा आठवडा जवळ आला. बाहेर धूर इतका, की मुलांच्या सहली रद्द झाल्या. हॉस्टेल ते वर्ग, वर्ग ते हॉस्टेल. मी ठरवलं, जायचंच आहे तर आपल्याला आवडतं ते करून जावं. मी 'अ‍ॅलिबाय'चा खेळ घेतला. इंग्रजी शिकवणाऱ्यांचा हा जुना खेळ. गुन्हा घडलाय असं सांगायचं. दोघे संशयित. त्यांनी बाहेर जाऊन ठरवायचं, काल संध्याकाळी आपण दोघं बरोबर कुठे होतो. मग एकेकाला आत बोलवायचं आणि बाकीच्यांनी पोलीस होऊन उलटतपासणी घ्यायची. काय खाल्लं? आधी कोण उठलं? दोघांची उत्तरं जुळली नाहीत की गुन्हेगार.

"काल संध्याकाळी," मी म्हटलं, "मिसेस लिमच्या केबिनमधून हवा शुद्ध करायचं मशीन चोरीला गेलं." पहिल्यांदाच वर्ग मोकळेपणानं हसला. संशयित म्हणून मी हारुका आणि केन्ताची नावं घेतली. हारुकाचं का घेतलं, हे कुणाला सांगायची गरज नाही.

दोघं बाहेर गेली आणि जवळजवळ लगेच दार वाजलं. इतक्यात ठरलंसुद्धा? केन्ता आधी आत आला. आणि काय सांगू, ती गोठलेली मुलं पोलीस झाल्यावर ओळखू येईनात. प्रश्न विचारताना श्वास पुरेना म्हणून एकानं मास्क हनुवटीवर ओढला, मग दुसऱ्यानं. मला पहिल्यांदा त्यांची तोंडं दिसली.

"काल सहा वाजता कुठे होतास?"

"ओकादा-सेन्सेईंच्या खोलीत."

"काय करत होतात?"

"ऐकत होतो."

"काय? गाणी?"

केन्तानं माझ्याकडे बोट केलं. "टीचर."

मला वाटलं त्याला प्रश्न कळला नाही. मग हारुका आली. तेच प्रश्न, तीच उत्तरं. चहा कुणी केला? सेन्सेईंनी. खिडकी उघडी होती? बंद, धूर होता. काय ऐकत होतात? "टीचर्स व्हॉइस." एकही उत्तर हललं नाही. दोघांनी काही ठरवलंच नव्हतं. जे खरं होतं तेच त्यांनी सांगितलं होतं.

वर्गाला जिंकल्या-हरल्याचं काही कळेना. सगळे वळून मागे बघायला लागले. ओकादांची पेन्सिल थांबली होती.

"का?" मी विचारलं. पोलीस म्हणून विचारलं की मी म्हणून, ते मलाही सांगता येणार नाही.

ओकादा उभे राहिले. कान लाल झाले होते. मुलांसमोर ते 'गुड मॉर्निंग'च्या पुढे इंग्रजीत बोलताना मी पहिल्यांदा ऐकत होते, आणि मुलांच्या चेहऱ्यांवरून तीही पहिल्यांदाच ऐकत असावीत. एकेक शब्द शोधून ते ठेवत होते.

"मी सांगितलं हारुकाला, रेकॉर्ड कर. मागून आवाज नीट येत नाही, म्हणून तिची पुढची जागा. मी खूप वर्षं इंग्रजी शिकवतो. जपानीतून." ते थांबले. "माझ्या वर्गात कुणी बोलत नाही. मीसुद्धा. तुम्ही मुलांना सांगता, काय करायचं. थोडं सांगता. मग गप्प होता. मला गप्प होता येत नाही. ते शिकायचं होतं. परवानगी मागायला हवी होती. भीती वाटली, माझं इंग्रजी तुम्ही ऐकाल." आणि ते कमरेतून वाकले, रोजच्यापेक्षा खूप खाली, आणि वर यायला खूप वेळ लावला.

आपला मास्तर असा वाकलेला मुलांना बघवेना. मलाही. मग एरवी नाव विचारलं तरी मान खाली घालणारी एक मुलगी हळूच हात वर करून म्हणाली, "टीचर, आय थिंक... नॉट गिल्टी." वर्ग फुटल्यासारखा हसला. मी हसले की नाही आठवत नाही.

कारण मला ते तिथल्या तिथे पटलं असं नाही. संशय इतके दिवस पाळला की तो लगेच घराबाहेर जात नाही. मी वर्ग संपल्यावर म्हटलं, मला ऐकायचंय. हारुकानं रेकॉर्डर काढून बटण दाबलं. मी ओठ आवळून माझ्या चुकांची वाट बघत राहिले. "स्टँड अप, हं. फाइंड युवर पार्टनर, हं. नॉट यू, केन्ता, हं?" आणि मागोमाग, त्याच यंत्रात, बंद खोलीत, एका वयस्क माणसाचा आवाज माझी नक्कल करत होता. "स्टँड अप... हं."

ओकादांनी वही उघडून एक शब्द दाखवला. तो त्यांनी तीन-चार वेगवेगळ्या स्पेलिंगनी लिहिला होता आणि प्रत्येकापुढे प्रश्नचिन्ह होतं. "हा शब्द," ते म्हणाले, "कुठल्याच डिक्शनरीत नाही. मुलं पहिल्या दिवसापासून शोधताहेत."

म्हणजे ती बटणं, ते खांदे हलवणं, माझ्या 'व'साठी नव्हतंच. माझ्या 'हं'साठी होतं. मी इंग्रजी बोलताना प्रत्येक सूचनेच्या शेवटी 'हं' म्हणते, हे मला माहीतच नव्हतं. इतकी वर्षं कुणी सांगितलं नाही. पुण्यात कुणाला ऐकूच आलं नसेल.

मी समजावलं, हा इंग्रजी नाही, मराठी आहे. आज्ञा दिली आणि शेवटी हा लावला, की तिची धार जाते. ऐक, पण माझ्यावर रागावू नकोस, असं काहीसं.

"आ," हारुका म्हणाली, "ने!" जपानीत वाक्याच्या शेवटी ते 'ने' लावतात म्हणे. केन्ता म्हणाला, इथले लोक 'लाह' लावतात. ओकादांनी तिन्ही शब्द एकाखाली एक लिहिले आणि वही मिटली.

शेवटच्या दिवशी त्यांनी मला विचारून माझा वर्ग दहा मिनिटं घेतला. फळ्यासमोर उभे राहिले, हातात खडू घेऊन. "स्टँड अप," ते म्हणाले, आणि मग धीर करून, "हं." काय गोंधळ झाला! पण मुलं उठली, फिरली, बोलली. आणि ओकादा गप्प उभे राहिले. अवघड जात होतं, दिसत होतं. ओठ दाबून धरले होते. पण राहिले गप्प.

निरोपाच्या जेवणाला ते माझ्या शेजारी बसले होते. आता ते माझ्याशी बोलत होते, हळूहळू, चुकत, न लाजता. मी सहज म्हटल्यासारखं विचारलं, तुमच्या विद्यापीठाला नेटिव्ह टीचरच का हवा होता? ते गोंधळले. "आम्हाला? नाही. मिसेस लिमनी आम्हाला विचारलं होतं, नेटिव्ह हवा का? मी उत्तर दिलं, चांगला हवा."

मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडे पाहिलं. मिसेस लिम मुलांच्या ताटांत कोळंबी वाढत होत्या. एकेकाला आग्रह करून.

पुढच्या वर्षी तो वर्ग मार्कला मिळाला. मी आणखी काही महिने लहान मुलांचे वर्ग घेतले आणि नोकरी सोडली. आता आमच्या भागातल्या कम्युनिटी क्लबात शाळकरी मुलांच्या आयांना इंग्रजी शिकवते. चिनी, तमिळ, मलाय, कधी एखादी आपली. बरं चाललंय. या सगळ्याचं मला आता फार वाटत नाही, पण मिसेस लिमशी झालेलं एक बोलणं मात्र धुराचा वास आला की हटकून आठवतं.

मुलं परत गेल्यानंतरचे दिवस होते. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर नव्या ब्रोशरचा नमुना होता, मुखपृष्ठावर मार्क, हात पसरून हसणारा. मी सरळ विचारलं, "मिसेस लिम, नेटिव्ह टीचर कुणाला हवा होता?"

"आय्या, सो लाँग ऑलरेडी. कुणाला आठवतंय?"

"मला आठवतंय."

त्यांनी ब्रोशर सरळ करून ठेवलं. रागावतील असं वाटलं. मग बोलल्या तेव्हा आवाजात ती रोजची लगबग नव्हती. "मी जन्मल्यापासून इंग्रजी बोलते. आईशी इंग्रजी, नवऱ्याशी इंग्रजी. स्वप्नंसुद्धा. कॉन्व्हेंटच्या नन्सनी शिकवलेलं ग्रामर माझं. ही शाळा मी काढली. पण आईबाप आधी फोटो बघतात." त्यांनी खण उघडला, जुनी ब्रोशरं काढून माझ्यासमोर पसरली. दरवर्षी वेगळा चेहरा. सोनेरी केस, निळे डोळे, तपकिरी दाढी. "बघ. शोध. यात मी कुठेय?"

मी एकेक उलटून पाहिलं. त्या कुठेच नव्हत्या.

तोंडात आलं ते बोलून गेले, "मग या वर्षी आपल्या दोघींचा छापा."

मिसेस लिम हसल्या. इतक्या हसल्या, की डोळ्यांत पाणी आलं, चष्मा काढून पुसावा लागला. आणि हसता हसताच त्यांनी मान वळवून दाराकडे पाहिलं, बाहेर उभं राहून कुणी ऐकत तर नाही ना.